अंगणातली थडगी: आधी सळई, मग उजेड, भूत सगळ्यात शेवटी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. न्यू जर्सीत स्वतःचं घर घेऊन दोन वर्षं झाली. मुलगा सात वर्षांचा, आणि हॅलोवीनची सजावट विकतची नको, घरी केलेलीच हवी असा त्याचा हट्ट. गेल्या ऑक्टोबरला टीव्हीच्या खोक्यात आलेल्या थर्माकोलची थडगी कापलीत. वर राखाडी स्प्रे पेंट मारलात, तर थर्माकोल डोळ्यांदेखत विरघळला. दोन-तीन वाचली ती पहिल्याच वाऱ्यात शेजाऱ्यांच्या ड्राइव्हवेवर जाऊन पडली. एवढं करून रात्री रस्त्यावरून काही दिसलंच नाही. यंदा दीडशे डॉलरपर्यंत खर्चाची तयारी आहे, हत्यारं म्हणजे एक ड्रिल आणि एक कटर. आणि ऑक्टोबरात आई येणार आहेत, त्यांना दारात थडगी ही कल्पनाच पटत नाही. "काय काय बनवता येईल त्याची यादी द्या," असं तुम्ही म्हणताय.

यादी देत नाही, रागावू नका. भुतांच्या कल्पना पोत्यानं मिळतात आणि तुमच्या मुलाकडे त्या तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त असतील. तुमची वस्तू विरघळली, उडाली आणि दिसली नाही. चुकीचं साहित्य, पाया नाही, उजेड नाही. या तीन गोष्टी सुटल्या की साधी चार थडगीसुद्धा रस्त्यावरच्या माणसाला थांबवतात. त्या सुटल्या नाहीत तर चाळीस वस्तू मांडल्या तरी कोणी भंगार टाकलंय असंच वाटतं.

मी हे सतरा वर्षं करतेय, मध्य न्यू जर्सीतच. शिकले मात्र साताऱ्यात, वाड्याच्या अंगणात दिवाळीचा किल्ला करताना. खाली विटा-दगड, त्यावर भिजवलेलं पोतं, वर चिखलाचा लेप, चिखलात पेरलेले अळीव. किल्ला बघायला येणाऱ्याला मावळे आणि वर बसलेले महाराज दिसायचे, पण आतला दगड हलला की पाडव्याच्या आत बुरूज बसायचा. इथे पहिल्या वर्षी मी ते सगळं विसरले. वर्तमानपत्र आणि कणकेची खळ घेऊन बुजगावण्याचं सुरेख डोकं केलं, वाळवलं, रंगवलं, बाहेर मांडलं. तीन दिवस रिपरिप पाऊस लागला. चौथ्या दिवशी डोकं मानेवरून ओघळून छातीवर आलं होतं आणि मागून एक खार खळ लागलेला कागद कुरतडत होती. कागदाचा लगदा पोर्चच्या छपराखालीच ठेवायचा, हे मी तेव्हा शिकले.

आता, तुमच्या जागेवर काय अवलंबून आहे ते आधी सांगते, कारण तिथे माझं उत्तर बदलेल. घर कोपऱ्यावर असेल किंवा समोर मोकळं मैदान असेल तर वारा जास्त, मग वस्तू बुटक्या करा. टाउनहाउस असेल तर एचओएचे, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेचे, नियम आधी वाचा. किती दिवस आधी मांडता येतं आणि लॉनवर काही रोवता येतं का, हे दोन्ही त्यात असू शकतं. जमीन वाळूची असेल तर सळई लांब लागेल. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जानेवारीत हे सगळं कुठे ठेवणार? गराजची एक भिंत आज मोजा आणि तिथे मावेल तेवढंच करा. होम डेपो या हार्डवेअरच्या दुकानानं २०२० मध्ये तो १२ फुटी सांगाडा २९९ डॉलरला आणला, तेव्हा आमच्या गल्लीतही एक उभा राहिला. दिसतो झकास. पण मालक दर हिवाळ्यात त्याच्या बरगड्या कुठे लपवायच्या या विवंचनेत असतात.

साहित्यापासून सुरुवात करू. पॅकिंगचा थर्माकोल आणि हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा गुलाबी किंवा निळा इन्सुलेशन बोर्ड, दोन्ही पॉलिस्टायरीनच. थर्माकोलमध्ये फुगवलेले मणी एकमेकांना चिकटवलेले असतात, म्हणून कापला की दाणे उडतात आणि कडा उंदरानं खाल्ल्यासारखी दिसते. गुलाबी बोर्ड सलग असतो. कटरला नवं पातं असेल तर साबणाच्या वडीसारखा कापला जातो, त्यात अक्षरं कोरता येतात आणि तो पाणी पीत नाही. घराच्या भिंतींना वर्षानुवर्षं लावायला बनवलेली वस्तू आहे ती, तीन आठवड्यांच्या पावसाचं तिला काहीच नाही.

४ फूट बाय ८ फुटांचा, २ इंच जाडीचा एकच बोर्ड घ्या. चाळीस-पन्नास डॉलरच्या आसपास जाईल. गाडी छोटी असेल तर घाबरू नका. पार्किंगमध्येच त्यावर तीन फुटांवर आणि सहा फुटांवर रेघ मारा, दोन्ही बाजूंनी कटरनं खोल चीर द्या आणि कडेवर दाबा. मारी बिस्किटासारखा कट्‌कन तुटतो. तीन तुकडे होतात: तीन फुटांचे दोन आणि दोन फुटांचा एक. मोठे दोन उभे चिरले की २ बाय ३ फुटांची चार थडगी. उरलेल्या पट्टीतून एक क्रॉस आणि पायथ्याचे दगड. यंदासाठी एवढं पुष्कळ झालं.

स्प्रे पेंटचं कोडं आता उलगडेल. स्प्रेच्या डब्यातल्या रंगात जे द्रावक असतं ते पॉलिस्टायरीन विरघळवतं. रंग वाईट नव्हता, तुमचाही दोष नव्हता, जोडी चुकली. फोमवर पाण्यात मिसळणारा, घराबाहेर मारायचा लॅटेक्स रंगच लावायचा, आणि तोही मॅट. चकचकीत रंगाचं थडगं प्लास्टिकच्या खुर्चीसारखं दिसतं. गोंदाचंही तेच. नळीवर फोमबोर्डसाठी असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घ्या, नाहीतर थडगं आतून पोखरलं जाईल. रंगाचे पैसे वाचवायचे असतील तर दुकानात चुकून भलत्या छटेचे मिसळलेले, गिऱ्हाइकानं न नेलेले डबे स्वस्तात काढतात, ते मागा. कबरीला कोणताही राखाडी, तपकिरी, मळका हिरवा चालतो. मी एकदा कोणाच्या तरी बाथरूमसाठी ढवळलेल्या करड्या रंगावर दोन वर्षं काढली.

पाया हा माझ्या मते या उत्तराचा गाभा आहे, त्यामुळे इथे जरा रेंगाळते. २ बाय ३ फुटांच्या थडग्याचं तोंड ६ चौरस फुटांचं. वजन फार तर पाऊण किलो, कारण फोम. ताशी ४० मैलांचा वारा, जो इथे ऑक्टोबरात नवलाचा नाही, दर चौरस फुटाला साधारण ४ पौंडांनी ढकलतो. म्हणजे एका थडग्यावर जवळजवळ २५ पौंड, ११ किलो. पाऊण किलोच्या वस्तूला ११ किलोचा धक्का! पाठीमागे दगड टेकवून किंवा तंबूच्या खुंट्या मारून हे थांबत नाही. तुमची थडगी शेजाऱ्याकडे गेली यात आश्चर्य नाही, ती तिथेच थांबली हे नशीब.

मी करते ते असं. थडग्याच्या पाठीला, दोन्ही कडांपासून चार-पाच इंच आत, खालपासून दीड फूट उंचीच्या दोन उभ्या खाचा. त्यात अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचे तुकडे बसवायचे. पाइप नावालाच अर्ध्या इंचाचा असतो, बाहेरून तो ०.८४ इंच भरतो, म्हणून खाच पाऊण इंचाहून थोडी रुंद लागते. पाइप ठेवून दोन्ही बाजूंनी पेन्सिलनं रेघा मारा, कटरनं चीर द्या, मधला फोम स्क्रू ड्रायव्हरनं खरवडून काढा. गोंद भरा, पाइप दाबा, वर टेप लावा आणि दोन दिवस हात लावू नका. फोममधून हवा जात नाही, त्यामुळे गोंद फार सावकाश वाळतो. माझी घाई झाली तेव्हा तेव्हा पाइप हातात आलाय.

मग ३/८ इंची सळईचे दोन-दोन फुटांचे तुकडे. दुकानातून कापूनच आणा. अर्धी सळई जमिनीत ठोकायची, अर्धी वर, आणि थडगं वरून मोजडीसारखं त्यावर सरकवायचं. सळया दोनच हव्यात, एकीवर थडगं गिरक्या घेतं. दोन सळयांमधलं अंतर चुकू नये म्हणून एका फळीला दोन भोकं पाडून तिचाच साचा करा. ही रचना आणखी एका कारणासाठी सोयीची आहे: वादळाचा इशारा आला की थडगी वर उचलायची, गराजमध्ये ठेवायची, पाच मिनिटांचं काम. पण थडगं काढलं की उघड्या सळईवर लगेच टोपी किंवा निदान टेनिसचा चेंडू बसवा. अंधारात धावणारं पोर आणि वर आलेलं लोखंड, दोन्ही एका अंगणात नकोत.

ठोकण्याआधी ८११ ला फोन करा. फुकट सेवा आहे. गॅस, वीज, फोनच्या जमिनीखालच्या वाहिन्यांवर ते येऊन रंगाच्या खुणा करून जातात. यायला काही दिवस लागतात म्हणून आदल्या दिवशी फोन करून उपयोग नाही. लॉनच्या स्प्रिंकलरचे पाइप मात्र तुमचे खासगी, त्यांच्या खुणा ते करत नाहीत. ते कुठून गेलेत हे तुम्हालाच शोधायला लागेल. मी एक फोडलाय, दुरुस्तीच्या पैशांत दोन वर्षांची सजावट झाली असती.

वादळाचं मी उगाच बोलत नाही. २०११ मध्ये २९ ऑक्टोबरला इथे बर्फ पडलं, झाडांवर पानं असतानाच. थडग्यांवर बर्फाची टोपी बसली तेव्हा ती इतकी खरी दिसली की काय सांगू, पण गल्लीभर फांद्या मोडून वीज गेली. पुढच्याच वर्षी, पुन्हा २९ ऑक्टोबरलाच, सँडी चक्रीवादळ. मी दोन दिवस आधी सगळं उचलून आत घेतलं होतं. तेव्हाचे गव्हर्नर ख्रिस्टी यांनी हुकूम काढून त्या वर्षीचं हॅलोवीन ५ नोव्हेंबरवर ढकललं. सळया जागेवरच होत्या, त्यामुळे पुन्हा मांडायला अर्धा तासही लागला नाही.

आता मुलाला हाक मारा, कारण रंग हा त्याचा भाग आहे. आधी कडा मोडून घ्या. नवीन कापलेली कडा सुरीसारखी सरळ असते, खरा जुना दगड तसा नसतो. तारेच्या ब्रशनं घासा, एखादा कोपरा चक्क तोडा, वरून खाली एक वेडीवाकडी भेग कोरा. मग अक्षरं. कागदावर प्रिंट काढा, फोमवर टेपनं चिकटवा, अक्षराच्या कडेनं पेनानं दाबून टोचत जा, कागद काढा आणि टिंबांच्या आतला भाग कोरा. मी सोल्डरिंग आयर्न वापरते, पण त्यानं फोम वितळून जो धूर येतो तो छातीत घेण्यासारखा नाही. ते अंगणातच, वाऱ्याकडे पाठ करून, आणि मोठ्यांनीच. मुलाला बोथट स्क्रू ड्रायव्हर द्या, तोही चांगलं खोदतो. अक्षर निदान पाव इंच खोल हवं, नाहीतर रात्री त्यात सावली पडत नाही. उंचीचा पाटीवाल्यांचा हिशेब असा की दर दहा फुटांना एक इंच. तुमचा फुटपाथ वीस-पंचवीस फुटांवर असेल तर अक्षरं अडीच इंचांची. म्हणजे थडग्यावर मोठा मजकूर मावत नाही, आणि ते बरंच असतं.

मजकूर कोणता? खऱ्या माणसाचं नाव नको, शेजाऱ्याचं तर गमतीनंही नको. कोणाच्या घरात काय घडलंय आपल्याला माहीत नसतं. माझ्याकडे एक थडगं देवनागरीत आहे. "पाच मिनिटांत निघतोच. १९७४–२०१९." भारतातून लेकीकडे आलेले एक आजोबा संध्याकाळच्या फेरीत ते वाचून थांबले, एकटेच हसले आणि दुसऱ्या दिवशी आजींना घेऊन आले.

रंगाचे थर उलट्या क्रमानं लागतात, हे लक्षात ठेवा. सगळ्यात आधी सगळ्यात गडद. जवळजवळ काळा राखाडी, त्यात मूठभर बारीक वाळू, आणि तो अक्षरांच्या तळापर्यंत गेला पाहिजे. वाळल्यावर मधला राखाडी, ब्रश जवळजवळ कोरडा करून. ब्रश बुडवा, जुन्या पुठ्ठ्यावर पुसा, पुसा, अजून पुसा, पुठ्ठ्यावर रंग उमटेनासा झाला की मग दगडावरून आडवा फिरवा. रंग फक्त उंचवट्यांवर बसतो आणि खळगे काळे राहतात. शेवटी अगदी फिकट राखाडी, फक्त कडांवर आणि भेगेच्या ओठांवर. मुलाला हे एकदा दाखवा, मग त्याच्या हातून ब्रश सुटणार नाही.

आणि आता खरी गंमत. फवारणीच्या बाटलीत पाणी आणि एक चमचा काळा रंग. थडगं उभं करा आणि फक्त वरच्या कडेवर फवारा. पाणी आपली वाट शोधत खाली येतं, अक्षरांत अडतं, भेगेतून वाहतं आणि जाता जाता डाग सोडतं. पन्नास वर्षांचा पाऊस दोन मिनिटांत. जास्त झालं तर ओल्या फडक्यानं टिपा. मग तसंच थोडं शेवाळी हिरवं, पण खालच्या फूटभरातच, कारण शेवाळ ओल धरते तिथेच चढतं. माझे बरेच ओळखीचे लोक हिरवा सगळीकडे मारतात आणि मग दगड मेथीच्या ठेपल्यासारखा दिसतो.

उजेड. पैशांची वाटणी विचाराल तर दीडशेतले साठ मी यावर घालीन. बहुतेकांचं चुकतं ते असं, की पोर्चचा पांढरा झगझगीत दिवा चालू, त्याच्या उजेडात सगळं अंगण सपाट, समोरून फ्लॅश मारलेल्या पासपोर्टच्या फोटोसारखं. बरं, पोर्चचा दिवा बंदही करता येत नाही, कारण हॅलोवीनच्या रात्री पोरं खाऊ मागत दारोदार फिरतात, आणि दिवा चालू म्हणजे इथे खाऊ मिळतो असा सगळ्या गल्लीचा संकेत आहे. उपाय सोपा: तिथे नारिंगी किंवा मंद बल्ब लावा. आणि थडग्यांना उजेड जमिनीलगत, एका बाजूनं, तिरका द्या. तिरका पडला तरच तुम्ही कोरलेली अक्षरं, भेग, वाळूचा खडबडीतपणा दिसतो. रंग बदलता येणारे दोन छोटे एलईडी फ्लडलाइट पुरेत. एक निळा, जरा लांबून, चांदण्यासारखा. दुसरा हिरवा किंवा पिवळट, एकाच थडग्यावर, जवळून. दिवा स्वतः दिसता कामा नये. पायथ्याचे दगड कापले आहेत ते त्याच्याचपुढे ठेवा. मांडून झालं की रस्ता ओलांडून समोर उभे राहा आणि तिथून बघा. घरात उभं राहून केलेली सजावट रस्त्यावरून वेगळीच दिसते. गाडी चालवणाऱ्याच्या डोळ्यांत दिवा जात नाही ना, हेही तेव्हाच बघा.

वायर बाहेर वापरायचीच घ्या, जीएफसीआय, म्हणजे ओल लागली की वीज आपोआप तोडणारी सोय, असलेल्या बाहेरच्या सॉकेटमधूनच, आणि दोन वायरींचा जोड जमिनीवर टाकू नका. मी तो ओल्या पानांत टाकला होता. साडेसहाला दारात बारा पोरं उभी, आणि सॉकेट टप्‌कन बंद. तेव्हापासून जोड विटेवर, वर उपडा डबा. मेणबत्ती मात्र कुठेच नको. फोम पेट घेतो, आणि पोरांच्या अंगावर झगेच झगे असतात. भोपळ्यातही बॅटरीचा दिवाच घाला. खरा भोपळा फार आधी कोरू नका, दोन-तीन दिवस आधी पुरे, नाहीतर तो तोंड आत ओढून बसतो. उरलंसुरलं खारी बघून घेतात.

भूत एकच करा, आणि त्यासाठी बहुधा काही विकतही घ्यावं लागणार नाही. मागच्या अंगणात टोमॅटोला लावलेला तारेचा पिंजरा असेलच. ऑक्टोबरात टोमॅटो संपलेले असतात. पिंजरा उलटा करा, रुंद तोंड जमिनीवर येईल आणि टोकदार पाय वर. पाय एकत्र बांधून त्यावर दुधाचा रिकामा गॅलनचा कॅन पालथा घाला, ते डोकं. आत ख्रिसमसची पांढरी एलईडी माळ गुंडाळा, वरून चीजक्लॉथ, म्हणजे आपलं ते मलमलीहून विरळ जाळीदार कापड, मोकळं सोडा आणि खालच्या कडा हातानं फाडून लोंबत्या ठेवा. कात्रीनं कापाल तर पडद्यासारखं दिसेल. पिंजऱ्याची खालची कडी तंबूच्या आकड्यांनी जमिनीला चारी बाजूंनी टाचा. जाळीतून वारा आरपार जातो, त्यामुळे इथे सळई लागत नाही. कापड झुळकेसरशी हलतं, म्हणजे मोटरचं काम फुकटात झालं. मोटरचं वेड पुढे लागेलच. भंगारातल्या गाडीच्या वायपरची मोटर आणून भुताचे हात हलवणारी माणसं या छंदात ढिगानं आहेत आणि मीही त्यातलीच एक आहे. पण पहिल्या वर्षी नको. बिघडणारी वस्तू नेमकी ३१ तारखेला बिघडते.

सांगाडा हवाच असेल तर विकत घ्या. हाडं घरी करण्यात शहाणपण नाही. तो नवाकोरा पांढरा दिसतो म्हणून त्यावर रंगकामाला अंथरतात तो पातळ प्लास्टिकचा कागद गुंडाळा, हीट गननं दुरून गरम करा, कागद आक्रसून हाडांना कातडीसारखा चिकटतो. मग त्यावर लाकडाला लावतात तो अक्रोडी स्टेन फासून पुसून घ्या. काम मोकळ्या हवेत करा. झालं.

मांडणीबद्दल एक अडचण आधीच सांगते. पोरं पायवाटेनं येत नाहीत, लॉनवरून आडवी धावतात. म्हणून थडगी वाटेपासून चार फूट लांब, वायर कुठेही वाट ओलांडणार नाही अशी. आणि किती भीतीदायक करायचं ते वयावर आहे. न्यू जर्सीत ३१ ऑक्टोबरला सूर्य सहाच्या जरा आधी मावळतो, कारण २००७ पासून घड्याळं नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे जातात. पहिली फेरी, सगळ्यात लहान पोरांची, चक्क उजेडात होते. त्यांना थडग्यांची पाठ, पाइप, वायर सगळं दिसतं, म्हणून पाठही रंगवा. एका वर्षी मी दाराच्या दोन्ही बाजूंना टोपरं घातलेल्या दोन उंच आकृत्या उभ्या केल्या. मला फार आवडल्या होत्या. फुलपाखरू झालेली एक तीन वर्षांची मुलगी अर्ध्या वाटेवरून रडत मागे फिरली आणि मी खाऊचं भांडं घेऊन तिच्यामागे रस्त्यापर्यंत गेले. आकृत्या त्याच रात्री मागच्या अंगणात गेल्या.

आता आईंचा प्रश्न. तो तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलात, पण मला वाटतं तुमच्या मनात तोच पहिला आहे. माझ्या सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा हेच झालं. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. घरात घट बसलेले असताना दारात कवट्या मलाही बघवणार नाहीत. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: दसरा झाल्याशिवाय एकही सळई ठोकायची नाही. दिवाळी कधी आहे ते दर वर्षी कॅलेंडरवर बघायचं. ती हॅलोवीनच्या आधी आली तर भाऊबीज उरकून मांडायचं, नंतर आली तर १ नोव्हेंबरला सकाळी सगळं आत. २०२४ मध्ये मात्र इथे लक्ष्मीपूजन आणि हॅलोवीन एकाच संध्याकाळी आले. आम्ही पोर्चच्या पायरीपासून आतला भाग दिवाळीचा ठरवला: तोरण, रांगोळी, पणत्या, आकाशकंदील. थडगी फुटपाथच्या बाजूला, लॉनच्या एका कोपऱ्यात. चेटकिणी आणि स्पायडरमॅन थडग्यांमधून येत होते आणि रांगोळी चुकवत खाऊ घेऊन जात होते.

आईंना हेही सांगून बघा की या सणाचं मूळ आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या केल्टिक लोकांच्या साविन (Samhain) या सणात आहे. त्या रात्री गेलेली माणसं परत येतात असं ते मानायचे. तिथे सलगम कोरून दिवे करत, अमेरिकेत आल्यावर भोपळा मिळाला. सर्वपित्रीला पान वाढणाऱ्या माणसाला यात फार परकं वाटू नये. सासूबाईंना ते कितपत पटलं माहीत नाही, पण खाऊ वाटायला त्या स्वतः दारात खुर्ची टाकून बसल्या. प्रत्येकाला एकच चॉकलेट द्यायचं असं मी दहा वेळा बजावलं होतं. "दारात आलेल्या पोराला एकच काय द्यायचं?" म्हणून त्यांनी मूठमूठ वाटलं आणि साडेसातला आमचा खाऊ संपला. दीडपट आणून ठेवा.

तर क्रम असा धरा: गराज मोजा, एचओए बघा, बोर्ड आणा. पाइप बसवणं आणि रंग सप्टेंबरात, गणपती उठले की, कारण गराज तोवर मखरानं अडलेलं असतं. दसऱ्याच्या आठवडाभर आधी ८११. मांडलं की पहिल्याच रात्री रस्त्यापलीकडून उजेड बघून घ्या.

आणि काढताना सळया मोजा. आठ ठोकल्या असतील तर आठच निघाल्या पाहिजेत. माझी एक राहिली होती. ती मे महिन्यात सापडली, लॉनमोअरला.